कप्तानाचे तीन प्राण

आमच्या तामलवाडीपासून समुद्र कुठल्याही बाजूनं सारखाच लांब होता, त्यामुळं समुद्रातला राक्षस तयार करायचं काम माझ्याकडं आलं. (घरात पुस्तकं वाचणारा मी एकटाच!)

दुष्काळातली सुट्टी होती. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, एक खेळ काढला होता. फरशीवर खडूनं समुद्र आखायचा, प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं आणि चिंचोके टाकून ठरवायचं, जहाज वाचलं की बुडालं. दादा कप्तान. त्याला तीन प्राण. खेळाचे नियम मात्र सगळे मी करायचे. पुष्कळ विचार करून मी राक्षसाला अमर केलं.

“नुसतं सांगून भ्या वाटत न्हाय,” दादा म्हणाला. “दिसाय पायजे.”

मग मी दूध सोसायटीच्या ट्रकची टाकून दिलेली ट्यूब आणली, ठिगळ लावलं आणि सायकलच्या पंपानं फुगवली. (हात खांद्यातून निखळायचा तेवढा राहिला!) डब्याच्या लाल झाकणांचे डोळे, कडब्याचे दात, दोरखंडांचे हात. आता तो तरंगतो का, ते बघायचं होतं. पण पाणी होतं कुठं? टँकर गल्लीच्या आडात रिकामा व्हायचा, तेवढंच. तो उद्या येणार म्हणून मी राक्षसाला कोरड्या आडात सोडून ठेवलं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बघू!

टँकर त्याच दुपारी आला.

पाणी चढलं, तसा राक्षसही चढला. शेजारच्या शेवंतामावशींनी आडात वाकून पाहिलं.

“अगं आई गं! डोळं वटारून बघतंय की!”

घागरी टाकून बाया पळाल्या. ड्रायव्हरनं घाईघाईनं कॉक बंद केला.

“आत लई मोठं जनावर हाय! म्या पाणी वतत न्हाय. पुढल्या गावाला देतो.”

“आन् आमी काय प्यायचं?” आई टँकरपुढं आडवी उभी राहिली. आमच्या रांजणाचा तळ दिसत होता, आणि गल्लीत घरोघरी तेच.

मी हळूच टँकरच्या चाकाआड सरकलो. दादानं मला पुढं ढकललं.

“भिऊ नका, मावशी! ह्यानंच केलाय त्यो. सांग रं, कशानं मरतो?”

माझ्या तोंडून खरं तेच निघालं. “तो... तो अमर आहे.”

थांबलेल्या बायाही पळाल्या!

आईनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग आडात पडलेल्या बादल्या काढायचा गळ उचलला, खाली सोडला आणि हिसका दिला. फुस्सऽऽ! अमर राक्षस ठिगळापाशी फाटला आणि ओल्या गोधडीसारखा वर आला. ड्रायव्हर हसून हसून खालीच बसला. मग उठून त्यानं कॉक उघडला. पाण्याचा आवाज ऐकून मी जो श्वास सोडला, तेवढी हवा त्या ट्यूबमध्येही नव्हती.

त्याला पुष्कळ वर्षं झाली. यंदा दादा गेला. दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत, त्यानं मला जवळ बोलावलं.

“खेळाचे नियम तूच केलतास न्हवं?”

“व्हय.”

“मग राक्षस अमर, आन् कप्तानाला तीनच प्राण? आसं कुठं असतंय व्हय रं?”

“टँकर आला की बघू,” मी म्हणालो.

दादा इतका हसला की नर्स धावत आली आणि तिनं मला खोलीतून बाहेर काढलं. तिच्या हातात गळ तेवढा नव्हता!