बाबांच्या थडग्यावरची मेणबत्ती

दोन नोव्हेंबर जवळ आला की माझं डोकं अजून फिरतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, वेंगुर्ल्याची. मी कॉलेजात होते आणि त्याच वर्षी, पावसाच्या आधी, बाबा गेले होते...

आई मालवणची कॅथलिक, बाबा वेंगुर्ल्याच्या प्रोटेस्टंट मंडळीतले. घरात दोन बायबलं होती, एकाच फळीवर. त्यांचं कधी भांडण झालं नाही.

दोन नोव्हेंबरला कॅथलिक लोक आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. आई दरवर्षी मालवणला आजी-आजोबांच्या थडग्यांवर जायची आणि बाबाही सोबत असायचे. ते प्रार्थना करायचे नाहीत, पण खाऱ्या वाऱ्यात ज्योत विझू नये म्हणून हात आडवा धरून उभे राहायचे.

त्या वर्षी मेणबत्ती बाबांच्याच थडग्यावर लावायची होती. आणि प्रोटेस्टंट दफनभूमीच्या गेटची चावी होती बाबांच्या थोरल्या भावाकडे. काका म्हणजे मंडळीतलं बडं प्रस्थ.

काका घरी येऊन साफ सांगून बसले... फुलं ठेवा, मेणबत्ती चालणार नाही, प्रार्थना तर नाहीच. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोरालासुद्धा प्रभूने त्याच दिवशी सुखलोक दिला, मग मेलेल्या माणसासाठी मागायचं काय उरलं?

तेवढ्यात एसटीने मालवणहून मामा आला, आईचा थोरला भाऊ. त्याने फळीवरचं आईचं बायबल काढून मृतांसाठी प्रार्थना केल्याचा उतारा उघडून दाखवला. काका म्हणाले, हे पुस्तक आमच्या शास्त्रात नाहीच. ते खरंच होतं, कॅथलिक बायबलात काही पुस्तकं जास्त असतात.

झालं. "त्या चोराच्या बाजूक स्वतः प्रभू होतो, आमच्या बाजूक कोण आसा?" मामाने विचारलं. काकांनी बाबांचं बायबल ओढलं आणि भराभरा पानं उलटायला लागले.

चहा तसाच गार झाला. एकाच्या मते माझे बाबा केव्हाच स्वर्गात पोचले होते, दुसऱ्याच्या मते ते शुद्धीस्थानात वाटेत थांबले होते. बाबा कसे होते याबद्दल कोणी चकार शब्द काढत नव्हतं... आणि आई मेणबत्त्यांचं पुडकं मांडीवर घेऊन बसली होती. तिला काय हवंय हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, मला ती दोन्ही बायबलं उचलून विहिरीत टाकावीशी वाटली.

मग आई उठली. आवाज न चढवता म्हणाली, "भावजी, तेंका नको आसात मेणबत्ती. माका व्हयी. जित्या माणसान काळोखात रवाचा, असा खंय लिवलला आसा?"

काकांचं बोट पानावर होतं, पण पान काही उलटलं नाही... शेवटी त्यांनी चावी काढून टेबलावर ठेवली. मामा जिंकल्यासारखा उठायला लागला, तर आई त्याला म्हणाली, "दादा, तू हयच बस."

आम्ही दोघीच गेलो. बंदराकडून वारा सुटला होता आणि मेणबत्ती लागेचना. मी हात आडवा धरला तेव्हा कुठे ज्योत टिकली. "तुझो बापूस असोच धरी," आई म्हणाली आणि मग मात्र तिला रडू आवरेना.

काका बदलले वगैरे काही नाही हं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुरीने ते मेण खरवडून काढलं. पुढे दरवर्षी आई लावायची आणि काका खरवडायचे. चावी मात्र त्यांनी परत कधी अडवली नाही, एवढं म्हणायला हवं.

आता आईही नाही. काका बाबांच्या शेजारीच आहेत. मी दोन नोव्हेंबरला जाते, बाबांना एक लावते आणि काकांच्या थडग्यावरही एक लावते... प्रेमाने नाही, रागानेच. शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठतील तेव्हा काकांनी विचारू देत मला, कुठे लिहिलंय म्हणून. आईचं उत्तर माझ्याकडे तयार आहे.

दुसऱ्या दिवशी बघावं तर दोन्ही थडग्यांवर मेण तसंच असतं. त्याचाही राग येतो.