पानदानातला कागद

उदगीरचे भांड्यांचे व्यापारी रेवणअप्पा गेले, त्याला महिना होईल. फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालावर साबण तसाच, आणि चपला घालून निघालोही. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. जुन्या वस्तूतलं खरं-खोटं ओळखणारा माणूस म्हणून बिदरपर्यंत अप्पांचं नाव होतं. गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी असो की निजामाच्या काळातलं बिदरी काम, ते आधी तळ बघायचे, मग नखानं कड चाचपायचे आणि एका शब्दात निकाल द्यायचे. मी शाळामास्तर, शाळा सुटली की त्यांच्या गादीवर जाऊन बसायचो.

दुष्काळाच्या वर्षी माणसं तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालून ज्वारी नेत होती. एके दुपारी देवणीकडच्या खेड्यातली चंद्रभागाबाई आली. पदराखाली बिदरी पानदान, काळ्या अंगावर चांदीची वेल. दुकानात गर्दी होती. अप्पांनी वेलीवर एकाच ठिकाणी कानस फिरवली. "चांदी न्हाई बाई, शिसं हाय. नकली हाय हे." ती हलेना, तेव्हा मी उगीच बोललो, "असले डबे बाजारात ढिगानं मिळतात." ती पानदान उचलून निघून गेली.

पुढे लातूर जिल्हा वेगळा झाला. जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरलं, आणि पारख अप्पांकडे आली. मदतीला बिदरचा एक म्हातारा कारागीर होता. बोलता बोलता तो म्हणाला, वेलीतली चांदी निघाली की लोक तेवढ्या जागेत शिसं भरून घ्यायचे... अप्पांच्या हातातला चहा तसाच राहिला. "मास्तर, त्या बाईच्या पानदानाच्या डागडुजीवर मी कानस फिरवली हो..."

दुसऱ्याच दिवशी आम्ही चंद्रभागाबाईचं गाव गाठलं. बाईचा एक डोळा गेलेला. दुकानातून परतल्यावर ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, तिथं कपची लागली होती. पानदान मात्र घरातच होतं. नकली म्हटल्यावर कुणी घेतलंच नाही. अप्पांनी ते चार ठिकाणी तपासलं.

"खरं हाय," म्हणाले आणि उंबऱ्यावर बसले. "बाई, काय भरून देऊ सांगा."

"डोळा देता का?" तिनं विचारलं. मग पानदान हातात घेऊन म्हणाली, "लिहून द्या."

अप्पांनी लिहून दिलं. तिनं कागद पानदानात ठेवला. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. त्यानंतर अप्पांनी पहिल्या दिवशी कधी निकाल दिला नाही. वस्तू ठेवून घ्यायचे, जेवता जेवता उठून पुन्हा उलटीपालटी करून बघायचे. गिऱ्हाईक वैतागून जायचं.

गेल्या आठवड्यात अप्पा गेल्याची बातमी सांगायला मी तिच्याकडे गेलो. ऐकून तिनं सुनेकडून पानदान मागवलं, कागद काढून माझ्या हाती दिला. "वाचा."

मी वाचलं... "हे पानदान अस्सल आहे. मी नकली म्हणालो, ती माझी चूक." खाली अप्पांची सही.

ती एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होती. "तुमीबी होता न्हवं, मास्तर, त्या दिशी?"

"होतो," मी म्हणालो. खिशातला पेन काढला, आणि तिच्या देखत अप्पांच्या सहीखाली माझी सही केली.