वेणीमाधव गुरुजींचा दीड जीबी

आंघोळ झाली की यजमानांची नावं पुटपुटत बसायची, ही वेणीमाधव गुरुजींची जुनी सवय. पण गुरुवारपासून ते मध्येच अडखळत, मागे जात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. सुधाताई ओट्यापाशी उभ्या राहून कान देत. हा माणूस खरंच विसरायला लागलाय, की विसरतोय या धास्तीनंच खचत चाललाय? भाजी फोडणीला टाकताना, कपडे वाळत घालताना तोच एक घोर. काही केल्या मनातून जाईना.

विसरणं गुरुजींच्या स्वभावातच नव्हतं. चाळीस वर्षं ते गंगेवर, म्हणजे रामकुंडावर, बसत आले होते. कुणी पायऱ्या उतरून आलं की आधी गाव विचारायचे, मग आडनाव, आणि वही उघडायच्या आत त्याच्या पणजोबाचं नाव सांगून मोकळे. एकदा निफाडकडचा एक म्हातारा म्हणाला होता, "गुरुजी, माझ्या बायकोला माझं वय ठाऊक नाय, अन् तुम्हाला माझा खापरपणजा पाठ हाय. लय अवघड माणूस तुम्ही." वाडवडिलांच्या लाल कापडात बांधलेल्या सतरा वह्या घरात होत्या, पण त्या आठवड्यातून एकदाही सुटत नसत.

परदेशी गेलेल्या यजमानांना व्हिडिओ कॉलवरून श्राद्ध सांगायला मात्र ते नाखुशीनंच तयार झाले. मुलंच इथं येईनात, तर करणार काय? कॉल घ्यायला ते शिकले. मोबाइल कंपनीचे मेसेज तेवढे न वाचता पुसून टाकत. "रोज काहीतरी विकायचंच असतं त्यांना."

गुरुवारी, पितृपक्षातल्या दशमीला, निफाडच्या सावळीरामांचं श्राद्ध होतं. मुलगा शेखर मस्कतला, तिथल्या स्वयंपाकघरात दक्षिणेकडे तोंड करून, भाताचे पिंड मांडून बसलेला. त्याची आई उज्वलाबाई निफाडच्या घरून त्याच कॉलवर. गुरुजी कुंडाच्या काठी. वडिलांचं नाव आणि गोत्र घ्यायची वेळ आली. गुरुजींच्या तोंडून 'काश्यप' गेलं, लगेच मनात आलं, यांचं भारद्वाज तर नव्हे? आणि नेमका तेव्हाच हात पुढे केलेला शेखर पडद्यावर तसाच थिजला. मग चित्र गेलं. पुन्हा पुन्हा लावूनही कॉल लागला नाही. उज्वलाबाईंना साधा फोन करता आला असता, पण त्यांना सांगायचं काय, हेच गुरुजींना सुचेना.

घरी येऊन त्यांनी वही सोडली. भारद्वाजच होतं.

"चुकीच्या गोत्राचं पाणी पितरांनी घेतलं नाही," ते सुधाताईंना म्हणाले. "म्हणून तुटलं ते."

मध्यरात्रीनंतर उज्वलाबाईंचा मेसेज येऊन पडला होता, "गुरुजी, यांचं राहिलं का हो?" तो सकाळी त्यांनी वाचला, उत्तर दिलं नाही. शुक्रवारी ते गंगेवर गेले नाहीत. ऐन पितृपक्षात. शनिवारी चुलतभावाला, संतोषला, बोलावून सांगितलं, अमावास्या झाली की वह्या घेऊन जा, आता तू बघ सगळं.

रविवारी लेक वल्लरी पुण्याहून आली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, गोत्र चुकलं म्हणून नेट जातं का?"

"तू यात बोलू नकोस."

"नाही बोलत. फोन तरी द्या बघायला."

फोन घेऊन ती खिडकीपाशी गेली. बराच वेळ अंगठा वरखाली करत होती. मग स्वयंपाकघरात आली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "आई, बाबांच्या फोनवरून हॉटस्पॉट कोण लावतं गं?"

"मीच. पहाटे कीर्तन लावते आणि कामाला लागते. माझ्या फोनला नुसते कॉल आहेत. दोघांचे मोठे रिचार्ज कशाला?"

"किती कीर्तनं?"

"एकच. अर्ध्या तासाचं."

"आणि ते संपल्यावर?"

संपल्यावर काय होतं, ते सुधाताईंनी कधी पाहिलंच नव्हतं. फोन डब्याला टेकवलेला असायचा आणि त्या कधी न्हाणीघरात, कधी गॅलरीत. वल्लरीनं त्यांच्याच फोनवर एक कीर्तन शेवटापाशी आणून दाखवलं. बुवांनी हात जोडले, पाच-सात सेकंद गेले, आणि कुणी बोटही न लावता दुसरे बुवा सुरू झाले.

"याला ऑटोप्ले म्हणतात. तू ऐक नाहीतर ऐकू नकोस, हे आपलं चालूच. आणि चित्र एकदम झकास क्वालिटीचं. गुरुवारी बाबा किती वाजता निघाले?"

"नवाला."

"म्हणजे पहाटेपासून नऊपर्यंत तुझे बुवा बाबांचा डेटा जेवत होते. दिवसाला दीड जीबी मिळतो, त्यातला थोडासा उरला होता. तो श्राद्धात संपला. रात्री बारानंतर नवा आला, म्हणून तो मेसेज मध्यरात्रीनंतर पडला."

तिनं सेटिंगमधलं एक बटण बंद केलं. "आता एक संपलं की थांबेल. पुढचं हवं असेल तर आपण लावायचं." तिच्या लेखी काम झालं होतं.

सुधाताई तशाच ओल्या हातांनी बाहेर गेल्या. गुरुजी वह्यांना फडकी बांधत होते.

"अहो, तो कॉल माझ्यामुळे तुटला. तुमचा डेटा मी संपवला."

त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. "माझ्यासाठी अंगावर घेतेयस तू."

"देवाशप्पथ नाही. वल्लरीला विचारा."

"बरं. आणि गोत्र? तेही तूच चुकवलंस?"

डेटा संपला होता, हे खरं, आणि गोत्र चुकलं होतं, हेही खरं. एक दुसऱ्यानं पुसलं जात नव्हतं. गुरुजींनी गाठ मारली आणि पुढची वही ओढली.

त्या दारातच उभ्या राहिल्या. परवा सर्वपित्री अमावास्या. ज्यांचं राहिलं, ज्यांचं चुकलं, ज्यांची तिथीच ठाऊक नाही, त्या सगळ्यांचं त्या दिवशी करता येतं. हे त्यांना याच माणसानं शिकवलं होतं. पण स्वतःहून तो निफाडला फोन करणार नव्हता. शेखरला पुन्हा बसायला सांगायचं, तर सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि सांगायचं तर अर्धं सांगून भागणार नव्हतं. बायकोच्या कीर्तनापायी सावळीरामांचं श्राद्ध मोडलं, हे गावभर होईल. त्यावर गुरुजींचं गोत्रही चुकलं, हेही होईल. चाळीस वर्षांचं नाव. कदाचित उज्वलाबाई म्हणतील, राहू द्या, आम्ही दुसरे गुरुजी बघतो.

आणि नाही सांगितलं, तर मंगळवारनंतर हा माणूस या खोलीत बसून काय करेल?

त्यांनी पदराला हात पुसले, गुरुजींच्या फोनमधून नंबर आपल्या फोनवर घेतला आणि त्यांच्यासमोरच पाटावर बसल्या.

"कुणाला लावतेस?"

"निफाडला."

"काय सांगणार आहेस?"

"दोन्ही," सुधाताई म्हणाल्या. गुरुजींनी हातातली दोरी खाली ठेवली. ते 'नको' म्हणतील म्हणून त्या क्षणभर थांबल्या. मग सुधाताईंनी फोन लावला.