उत्तम कुठं झाला?

त्या रविवारी सकाळी मी उस्मानपुऱ्याच्या चौकात स्कूटर लावून उभा होतो आणि उत्तमला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. उशीर करणं हे माझं खातं, त्याचं नव्हे. शेवटी मोबाइल वाजला. त्याची मुलगी मनीषा बोलत होती. "काका, बाबा गेले..." मी विचारलं, "कुठे?" खरंच विचारलं. हा माणूस कायम कुठे ना कुठे जातच असायचा.

उत्तम आणि मी एकाच कचेरीत चिकटलो आणि एकदमच निवृत्त झालो. मधल्या माझ्या सगळ्या सुट्ट्या त्याने खाल्ल्या. जुन्या कवींची घरं, शायरांच्या हवेल्या, सरदारांच्या गढ्या... माझा जीव चहाच्या टपरीत, त्याचा पडक्या भिंतीत. बरं, नुसतं बघून समाधान नाही. "लिहायला बसायचे ते नेमकं कुठं?" असं तिथल्या माणसाला विचारून भंडावून सोडायचा. जागा कळली की चपला काढून तिच्यावर उभा राहायचा, डोळे मिटायचा, आणि लगेच "चल पाटील, ऊठ" म्हणून पुढच्या गावाची घाई. एकदा एका कवीच्या जुन्या घरात भाडेकरू राहत होते. कवीचं मेज खिडकीशी असायचं, असं याला कुठूनसं कळलेलं. तिथे आता फ्रिज. याने घरातल्या बाईंना हात जोडले, "ताई, तेवढा फ्रिज सरकवता का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाईंनी सरकवला, आणि वर स्वतःही त्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

हे वेड कुठून आलं ते मला फार उशिरा उमगलं. आमचं गावात घर, दारावर आजोबांचं नाव. उत्तमचे वडील मेंढपाळ. वर्षातले कितीतरी महिने कळपामागे रानोमाळ. खतासाठी शेतकऱ्याच्या वावरात मेंढ्या बसवायच्या, मिळेल त्या धान्यावर राहायचं आणि पुढे निघायचं. "तुझं बरंय पाटील," तो एकदा म्हणाला, "तुला दाखवायला उंबरा तरी हाय. मी पिशोरच्या रानात झालो म्हणतात. कुठल्या वावरात, कुणाला ठावं?" हसत म्हणाला खरा, पण त्यानंतर किती तरी वेळ खोलीत येरझारा घालत होता.

तेराव्यानंतर मनीषा माझ्याकडे आली. "काका, बाबांनी साऱ्या जगाच्या जागा दाखवल्या. पुण्याला परत जायच्या आधी मला त्यांची जागा बघायचीय. नाहीतर मला चैन पडणार नाही." मलाही कुठे पडत होतं? आम्ही गाडी काढली आणि पिशोर गाठलं. तिथे उत्तमचे चुलते काशिनाथतात्या राहतात. त्या कळपाबरोबर हिंडलेले आता ते एकटेच उरलेत.

मनीषाने प्रश्न विचारल्यावर तात्यांनी काठीने समोरच्या रानातली बाभळ दाखवली.

"तुझा बाप बी आल्ता मागं, ह्येच इचारायला. त्या बाभळीपाशी गेला आन् म्हणला, 'तात्या, हितंच का?' मी तोंड उघडायच्या आधीच त्यानं भुईला डोकं टेकलं. लई रडला पोरी."

"म्हणजे तिथेच ना?"

"नाय ना. तो पिशोरला झालाच नाय."

मनीषा माझ्याकडे बघायला लागली. तात्या म्हणाले, "शाळेत घालताना गाव पिशोर लावलं, त्येच त्याच्या डोक्यात बसलं. पर त्या साली आमचा कळप तुमच्या शहराकडं व्हता. पडेगावला, दौलताबादच्या रस्त्याला मेंढ्या बसवल्या व्हत्या. तिथं झाला. आता डोकं टेकून रडणाऱ्या माणसाला 'ऊठ, हितं नाय' कसं म्हणू? माझी जीभच उचलंना."

मला तात्यांचा राग आला. मग उत्तमचा आला. मग कुणाचा करावा तेच कळेना. दौलताबादचा किल्ला, खुलदाबाद, वेरूळ... आमच्या अर्ध्या वाऱ्या पडेगाववरूनच झालेल्या. चहाला थांबू म्हटलं की मागच्या सीटवरून हा माझ्या पाठीत बोट खुपसायचा, "इथं काय बघायचंय? पुढं चल!" आणि मी मुकाट पुढे जायचो.

परतताना आम्ही तोच रस्ता धरला. दिवस कलला होता. पडेगाव आलं तशी मनीषा म्हणाली, "काका, थांबवा." दोन्ही बाजूंना दुकानं, नव्या इमारती, ट्रकांची रांग. वावर म्हणावं असं काही दिसेना. ती उतरली, थोडी पुढे गेली, पुन्हा मागे आली, पुन्हा पुढे. फरशीच्या दुकानातला माणूस बाहेर आला. "क्या होना ताई? पत्ता शोधताय का?"

"नाही. माझे बाबा इथे जन्मले."

"इथं? कोणत्या घरात?"

मनीषाने हात उचलला आणि रस्त्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत सावकाश फिरवला. तो माणूस त्या हाताबरोबर वळून सगळीकडे बघत राहिला. स्वतःच्या दुकानाकडेसुद्धा.

ती पुण्याला गेली. परवाच्या रविवारी मी एकटाच किल्ल्याला म्हणून निघालो. पडेगावच्या पुढे काही जाणं झालं नाही.