परसातली राखण

माझी दुर्बीण परसात आणि मी स्वयंपाकघरात, अशी दोन वर्षं काढली. लोकांना याचं फार कौतुक. लॅपटॉपवर बोट दाबलं की बाहेर अंधारात दुर्बीण आपोआप वळते, तारा पकडते, फोटो काढते. थंडी नाही, डास नाहीत, मान अवघडत नाही. नवरा फौजेत आहे. तिकडून व्हिडिओ कॉल लावून तो बराकीतल्या लोकांना सांगायचा, "मिसेस किचनमधून दुर्बीण ऑपरेट करती." बराकीतून वाहवा यायची. मी हसून हात हलवायचे आणि फोन ठेवला की कणकेचा गोळा परातीत आपटायचे. ही सोय मी मागितली नव्हती.

आमचं गाव सांगलीच्या पूर्वेला, कोरड्या भागात. पाऊस आमच्याकडे यायच्या आधीच दमतो. त्याचा एवढाच एक फायदा, की वर्षातले सात-आठ महिने आभाळ निखळ असतं. मी कुपवाडला एका छोट्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. यंत्रातून निघालेले भाग मोजायचे, मापात बसतील ते पुढे पाठवायचे, नाही बसले ते लाल ट्रेमध्ये टाकायचे. दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी भांडायचं आणि रात्री आभाळ बघायचं, हे मला मानवत होतं. दुर्बीण जुनी घेतली, ती फिरवणारी मोटार नंतर घेतली, कॅमेरा त्याहून नंतर. दागिन्यांचं कुणी काही विचारलं की मी परसाकडे बोट दाखवायचे.

पहिला हिवाळा मी बाहेर बसून काढला. पाण्याच्या टाकीजवळ स्टूल टाकायचं, डोक्याला मफलर, हातात फोन. फोनवर ताऱ्यांचा नकाशा असायचा. शेजारच्या गच्चीवरच्या बाईंना माझ्या तोंडावर पडलेला उजेड तेवढा दिसला. त्यांनी सासूबाईंना विचारलं, "तुमची सून रातचं परसात बसून कुनाशी बोलती वं?"

सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. मामा माझ्याशी सरळ कधी बोलत नसत. त्यांना काही सांगायचं असलं की ते आत्यांकडे बघून, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचे. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ते आत्यांना म्हणाले, "तिला सांग, रातचं बाईमानसानं परसात एकटं बसायचं न्हाई. लोकं बगत्यात." आत्यांनी मला सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, मी तिथेच बशी धरून उभी होते.

मी नवऱ्याला फोन केला. म्हटलं, तुझ्या वडिलांशी बोल. तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नको, सोल्यूशन काढतो." रजेवर आला तेव्हा त्याच्या ट्रंकेतून एक तळहाताएवढा कॉम्प्युटर निघाला आणि वायफायचा डबा. स्वयंपाकघराच्या भिंतीला त्याने ड्रिलने भोक पाडलं, वायर बाहेर काढली, मोटार जोडली, फोकसलाही छोटी मोटार बसवली. दोन दिवस तो शीळ घालत काम करत होता. तिसऱ्या दिवशी मला ओट्याशी बसवलं आणि म्हणाला, "आता बाहेर जायचं कामच नाही." मामा खूश, शेजारीण गप्प, नवरा तर हिरो. मला जे वाटत होतं त्याला नाव काय द्यावं हेच मला कळेना, आणि नाव देता येत नाही म्हणून जास्त संताप यायचा. वडिलांना चार शब्द बोलायचे होते, त्याऐवजी ह्याने भिंतीला भोक पाडलं.

एक गोष्ट मात्र घरातून होत नव्हती. दुर्बीण रात्रभर उघड्यावर ठेवता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी तिची तिवई बाहेर न्यायची आणि रोज नव्याने ध्रुवताऱ्याशी जुळवायची. त्यासाठी जमिनीवर गुडघे टेकून एका बारीक नळीतून वर बघावं लागतं. याला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं मला मंजूर झाली. मी बाहेर असेपर्यंत आत्या मागच्या दारात उभ्या राहायच्या. उंबऱ्याच्या आत, पदर घट्ट ओढून, एक शब्द न बोलता. मला वाटायचं, पहाऱ्याला ठेवलंय. मग मी मुद्दाम हळूहळू काम करायचे. दहाची बारा मिनिटं झाली तरी जिंकल्यासारखं वाटायचं. इतकी माझी मजल!

मी आत आले की मामा बाहेर जायचे. यंत्र किमती, कुत्री फिरतात, कुणी उचलून नेलं तर? म्हणून टाकीजवळ, माझ्या स्टुलाच्या जागी, त्यांनी बाज टाकली. घोंगडं पांघरून ते दुर्बिणीची राखण करायचे. म्हणजे कसं बघा. दुर्बीण माझी, फोटो माझे, आणि आभाळाखाली झोपायचे मामा. मी ट्यूबलाइटखाली, समोर लॅपटॉप, शेजारी उद्याची निवडलेली मेथी. ताऱ्यांवर प्रेम करायला निघालेली मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

तोवर मी चंद्राचे, ग्रहांचे झटपट फोटो काढायचे; दुसऱ्या हिवाळ्यात मी मृगामागे लागले. मृगाच्या पोटात जे तीन तारे एका ओळीत आहेत त्यांच्या आसपास धुरासारखं काही पसरलेलं असतं. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. पाच-पाच मिनिटांचे कितीतरी फोटो काढून एकावर एक रचले तर दिसतं. मी रात्रीमागून रात्री फोटो घेत होते आणि दर रात्री काही फोटो वाया जात होते. मधूनच एखाद्यावर पांढरा फराटा, एखादा सगळाच दुधाळ. मी वायरला शिव्या घातल्या, सॉफ्टवेअरला घातल्या, गच्चीवरच्या बाईंच्या नव्या दिव्याला तर पोटभर घातल्या. नवऱ्याला फोटो पाठवले. तो म्हणाला, "केबल बदलून बघ."

मग मी कारखान्यात करते तेच केलं. माल खराब निघाला की आधी बघायचं, कुठल्या पाळीला खराब निघतो. खराब फोटोंच्या वेळा लिहून काढल्या. साधारण दर अर्ध्या तासाला एक. गेल्या रविवारी एकही नाही, बुधवारीही नाही. रविवारी मामा कडेगावला लग्नाला गेले होते आणि बुधवारी त्यांना ताप होता. मी ती वही हातात धरून ओट्याशी बसले होते. कानांतून वाफ येते म्हणतात ती खरीच येत असावी.

मामांचा जन्म मेंढरांमागे गेलेला. रात्री कळपाशेजारी पडलं की अर्ध्या-अर्ध्या तासानं उठायचं, बॅटरी सगळ्या कळपावरून फिरवायची, लांडग्याचे डोळे चमकतात का बघायचं आणि पुन्हा पडायचं. मेंढरं विकून बरीच वर्षं झाली, पण हात विसरला नव्हता. ते दर अर्ध्या तासाला उठून, मोठ्या इमानाने, माझ्या दुर्बिणीच्या तोंडावर बॅटरी मारत होते.

मी लॅपटॉप तसाच ठेवला आणि चपला न घालता बाहेर गेले. साडेनऊ झाले असतील. आत्या मागच्या दारातच होत्या, मी त्यांना ओलांडून गेले. मामा नुकतेच उठले होते आणि हातात बॅटरी पेटलेली होती.

"मामा, ती बॅटरी विझवा आधी."

मी सरळ बोलले याचाच त्यांना धक्का बसला. इकडेतिकडे बघितलं, मधे बोलायला आत्या जवळ नव्हत्या. "अगं, राखन करतुय की. तुज्याच यंत्राची."

"तुमच्या राखणीनं माझे महिन्याभराचे फोटो नासले. दर अर्ध्या तासाला उजेड मारताय तुम्ही त्याच्या डोळ्यात."

"मग आदी सांगायचं."

"कुणाला? भिंतीला? तुम्ही बोलता का माझ्याशी?"

"आवाज खाली कर. गच्चीवर ऐकत्यात."

"ऐकू दे! उठा तिथनं. यंत्र माझं आहे, राखण मी करीन."

"रातचं बाईमानसानं—"

"दुसरी पाळी असली की रात्री साडेदहाला मी कुपवाडहून गाडीवर एकटी येते. रस्त्याला दिवा नसतो. तेव्हा मी कोण असते मामा? तेव्हा तर तुम्ही झोपलेले असता."

ते म्हणाले, "त्ये काम हाय. ह्ये काय काम हाय?"

हे उत्तर मला आजही टोचतं, कारण ते त्यांनी अगदी मनापासून दिलं होतं. त्यांच्या हिशेबात बाईला बाहेर जायला काम लागतं, आणि काम संपलं की आत यावं लागतं. नुसतं वर बघत बसणं हे काम नव्हे. स्वतः मात्र ते दोन हिवाळे तिथे पडून वरच बघत होते. माझ्या तोंडून मग जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"आणि आत्या? दिवाळी झाली की तुम्ही मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचात. लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचात. आत्या कुठं झोपायच्या तेव्हा? पोरं पोटाशी घेऊन उघड्यावरच ना? तेव्हा त्या बाईमाणूस नव्हत्या? तेव्हा लोकं बघत नव्हती?"

मामांनी हात खाली सोडला. बॅटरी विझवायची राहिली होती, तिचा उजेड त्यांच्याच पायांवर पडला होता. म्हणाले, "तवाचं येगळं. तवा घर न्हवतं."

"व्हय," मागून आवाज आला. "तवा घर न्हवतं."

आत्या उंबरा ओलांडून परसात आल्या होत्या. चालत बाजेपर्यंत आल्या, मामांच्या हातातली बॅटरी घेतली आणि विझवली. "उठा तुमी. दूद तापत ठिवलंय, त्येच्याकडं ध्यान ठिवा." मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झालेल्या माणसाला दुधाकडे लक्ष ठेवायला बहुतेक पहिल्यांदाच कुणी सांगितलं असावं. ते आत गेले.

आत्या बाजेवर बसल्या, मग आडव्या झाल्या, घोंगडं गळ्यापर्यंत ओढून घेतलं. पाय गार पडले होते आणि डोकं तापलेलंच होतं. मला आणखी भांडायचं होतं, पण समोर भांडायला कुणी उरलं नव्हतं.

"तिकांडं वर आलं बग," आत्या म्हणाल्या.

ज्या तीन ताऱ्यांमागे मी महिनाभर लागले होते ते त्यांना त्यांच्या नावाने माहीत होते. ते माथ्यावर आले की कुठल्या महिन्यात किती रात्र झाली, कोकरांना कधी पाजायचं, मुक्काम हलवायला किती वेळ राहिला, हे सगळं त्या सांगत राहिल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. मग म्हणाल्या, "घर बांदलं, तवापास्नं रातचं अशी पडली न्हाई म्या. सोळा वरसं झाली. पोरगा फौजेत गेला, स्लॅब टाकला, मंग ह्ये म्हनलं, आता आपलं घर झालंय, भाईर झोपायचं न्हाई."

स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा करपट वास आला. दोघींपैकी कुणीही उठलं नाही.

माझा राग अजून जागा शोधत होता. मी म्हटलं, "मग तुम्ही त्यांचं ऐकून माझ्यावर पहारा कशाला करायचात? रोज मी बाहेर आले की दारात उभ्या."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "पहारा? तुजा? अगं, दारातनं वर बगाय गेलं तर निम्मं आबाळ दारावरच्या पत्र्यानं झाकतंय. तू रोज दा मिन्टं भाईर यायचीस. मला वाटायचं, आज तरी म्हनंल, आत्या, या भाईर."

दोन वर्षं मी रोज त्यांना ओलांडून बाहेर जात होते आणि ओलांडून आत येत होते. फोटो चांगला आला की कौतुकाने हाक मारून त्यांना लॅपटॉपपुढे बसवत होते. या बाहेर, असं मी त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं.