कुंता सिस्टरची नऊ लेकरं

कोंढ्याकडच्या आमच्या गावात कुंताबाई सेलोकर नर्स म्हणून आल्या, तेव्हा मी पाचवीत होते. आता मी त्याच गावची आशा आहे. घरोघर फिरून गरोदर बायांची नावं लिहिते, लेकरांना लसीकरणाला घेऊन येते. सिस्टर नसत्या तर मी या कामात आलेच नसते.

ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, नाकावर घसरलेला चष्मा. सुई टोचण्याची त्यांची एक रीत होती. लेकराची मांडी हातात घ्यायची आणि आईला विचारायचं, "रोवणा झाला काय वो तुमचा?" आई सांगायला लागायची, भाताची लावणी किती बांध्यांत झाली, किती बांध्या राहिल्या. तिचं सांगणं अर्ध्यावर असतानाच सुई आत जाऊन बाहेर आलेली असे. लेकरू रडायच्या आधी आईच दचकायची.

त्यांचा वैरी म्हणजे ऊन. एप्रिल लागला की प्राथमिक आरोग्य केंद्रातून लसींचा निळा डबा त्या स्वतः स्कूटीवर आणायच्या. डब्याच्या चारी बाजूंना बर्फाचे पॅक लावतात. ते फ्रीजरमधून काढले की लगेच लावायचे नसतात, घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवायचे, असा नियम आहे. तिथला लसींचा फ्रीज सांभाळणारा अंकुश तसं म्हणायचाही. "सिस्टर, अर्धा घंटा थांबा नं." पण सिस्टर थांबत नसत. "तुया नियम एसीतल्या लोकाईसाठी हाय बाप्पा. तिकडं बाया उन्हात बसून राहिल्या." आणि दगडासारखे पॅक डब्यात कोंबून निघायच्या. वयाचा मान म्हणून अंकुश गप्प बसायचा.

यंदाच्या एप्रिलमधलं लसीकरणाचं एक सत्र मला नीट आठवतं, कारण मी शेजारीच बसले होते. अंगणवाडीत नऊ लेकरं पेंटाची होती. ही पाच रोगांवरची एकच लस असते. सिस्टरनी डब्यातून बाटली काढली तर ती पॅकला चिकटलेली. त्यांनी ती दोन्ही तळव्यांत धरली, थोडी ऊब दिली, हलवली आणि कामाला लागल्या. नऊच्या नऊ लेकरं एका बाटलीत झाली. घरी जाताना खुशीत होत्या. म्हणाल्या, "एक बी थेंब गरम नाई होऊ देला."

दहा दिवसांनी पवनीला प्रशिक्षण होतं. लसीकरणाच्या वेळापत्रकात काय बदललं, मोबाइलवर नोंद कशी करायची, टोचल्यावर लेकराला त्रास झाला तर काय करायचं, असं सगळं. नर्सांसोबत आम्हा आशांनाही बोलावलं होतं. शिकवायला जिल्ह्यावरून डॉक्टर दामिनी मॅडम आल्या होत्या. तिशीच्या असतील. सिस्टर पहिल्या ओळीत, वही उघडून. मोबाइलचा भाग आला तेव्हा त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला आणि कानात म्हणाल्या, "हे तू शिक. मी सुईचं पाह्यतो."

मग मॅडमनी टेबलावर पेंटाच्या दोन बाटल्या ठेवल्या. एक नेहमीची, दुसरी त्यांनी मुद्दाम गोठवून मग वितळवलेली. दोन्ही सारख्याच हलवल्या. "आता चहा घेऊन या. मग बघू."

परत आलो तर नेहमीची बाटली दुधाळच होती. गोठलेलीत मात्र वर स्वच्छ पाणी, आणि तळाला ताकाच्या चोथ्यासारखं काहीतरी बसलेलं.

"ही लस मेलेली आहे," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा वितळवली, हलवली, तरी जिवंत होत नाही. उन्हापेक्षा आपल्याकडे बर्फानंच जास्त नुकसान होतं, आणि ते दिसत नाही. हिनं लेकराला अपाय होत नाही. पण संरक्षणाचा भरवसा राहत नाही."

सिस्टर खुर्चीत हललेल्या मला जाणवल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींना एकच बाटली आठवली होती.

त्या उठायला लागल्या, तेव्हा मी त्यांचा पदर धरला. आज सांगायलाही लाज वाटते. "सिस्टर, बसा नं. रिटायर व्हाले सात महिने राहिले तुमचे. कोणाले काय मालूम हाय?"

"मले मालूम हाय नं," त्या म्हणाल्या, आणि पदर सोडवून उभ्या राहिल्या.

चाळीस बायांसमोर त्यांनी सगळं सांगितलं. पॅक थेट लावले, बाटली चिकटली होती, तळव्यात धरून वापरली. "नऊ लेकरं हायेत मॅडम. अना उन्हाळ्यात मी असंच करत आली. मागचं मले आठवत नाई, पण हे नऊ पक्के आठवतात." मागं कुणीतरी हसलं. मॅडमनी त्या बाजूला नुसतं पाहिलं, हसणं थांबलं.

मॅडमनी तारीख लिहून घेतली, बाटलीचा नंबर रजिस्टरमधून मागवला. मग खुर्ची ओढून सिस्टरच्या शेजारी बसल्या. "तुम्ही बोलला नसता तर हे मला कधीच कळलं नसतं, कुंताताई."

जिल्ह्यावरून कळवलं की त्या दिवसाचा डोस बाद धरायचा, चार आठवड्यांनी पुन्हा द्यायचा. आमचे वरिष्ठ मधुकरराव मनानं चांगले. ते म्हणाले, "चूक झाली असं कायले सांगता? जास्तीचा डोस आला म्हणा. लोकं खुशीनं घेतील."

"लबाड बोलून सुई नाई टोचणार मी," सिस्टर म्हणाल्या. "उद्या कळलं तं या डब्यावरचा भरोसा जाईल. माया भरोसा गेला तं चालते."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दारोदार निघालो. मला वाटत होतं, लोक अंगावर येतील. काही आलेही. गोदावरीबाई नावाच्या म्हातारीनं नातवाला पोटाशी धरून सिस्टरना अर्धा तास झापलं. "एवढी शिकलेली बाई तू, अना बर्फ समजत नाई?" सिस्टर मान खाली घालून ऐकत होत्या. बोलून झाल्यावर म्हातारीनंच विचारलं, "जेवली काय?" आणि आम्हाला भात वाढला. जेवता जेवता पुन्हा झापलं.

अशी आठ घरं झाली. नववं लेकरू अपेक्षाची मुलगी. अपेक्षा बाळंतपणाला माहेरी आमच्या गावात आली होती. आता ती वरठीला परत गेली होती. तिचा नवरा कमलेश तिथं कारखान्यात कामाला. फोनवर तो एवढंच म्हणाला, "नाई देत आमी," आणि फोन ठेवला.

सिस्टरनी रजा टाकली. आम्ही बसनं भंडाऱ्याला आणि तिथून ऑटोनं वरठीला गेलो. अपेक्षानं पाणी दिलं, पण बोलेना. कमलेश ड्यूटीवरून आला, मोटरसायकल दारातच उभी केली आणि हेल्मेट हातात ठेवूनच बोलायला लागला.

"एकदा चुकल्या तुमी. आता माह्या पोरीवर शिकून राहिल्या काय?"

"शिकूनच राहिली बाबू," सिस्टर म्हणाल्या. "या वयात शिकून राहिली. राग बराबर हाय तुया. माया हातचं नको घेऊस. इथल्या दवाखान्यात ने. पण डोस चुकवू नको. तिच्या अंगात डांग्या खोकल्याशी लढाले काई नाई सध्या, अना त्यात पोरीचा कसूर नाई."

त्यांनी लसीकरणाचं कार्ड मागितलं. त्या तारखेच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'लस गोठल्याने डोस बाद. चूक माझी.' खाली पूर्ण सही आणि फोन नंबर.

कमलेशनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग जरा खालच्या आवाजात विचारलं, "असं लिहून देल्यावर नोकरी नाई जाईल तुमची?"

"गेली तं घरी जाईन. तुमच्या पोरीले पाहाले येत जाईन."

अपेक्षाला हसू फुटलं. कमलेश हसला नाही, पण आम्हाला स्टँडपर्यंत ऑटो करून दिला.

पुढच्या महिन्यात आमच्या गावची आठही लेकरं अंगणवाडीत आली. त्या दिवशी पॅकना घाम फुटेस्तोवर सिस्टर केंद्रात बसून राहिल्या आणि एक तास उशिरा पोचल्या. बाया कुरकुरल्या. त्यांनी सगळ्यांना उशिराचं कारण सांगितलं, पॅक कानाला लावून हलवायला लावला. आत पाणी खुळखुळत होतं. "असा आवाज नाई आला तं मले लस देऊ देऊ नका," त्या बायांना म्हणाल्या. आता आमच्या गावातल्या बायाच आधी पॅक मागतात.

वरठीहून काही कळत नव्हतं. सिस्टर विचारायच्या नाहीत, पण फोन वाजला की नंबर बघायच्या. एका गुरुवारी दुपारी अपेक्षानं फोटो पाठवला. पोरगी तोंड वासून रडते आहे, मांडीला कापूस लावलाय, मागं कमलेशचा हात. सिस्टरनी फोटो मोठा करून मांडी पाहिली. "टोचलं बराबर जागेवर," म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला काढला.

केंद्रातून खुलासा मागणारी नोटीस आली. सिस्टरनी चार ओळींत उत्तर दिलं. समज देऊन विषय मिटला.

पावसाळ्यात पुन्हा प्रशिक्षण झालं, नव्यानं लागलेल्या नर्सांसाठी. यावेळी दामिनी मॅडमनी बर्फाचा भाग शिकवायला कुंता सिस्टरना बोलावलं. त्यांना भाषण येत नाही. त्यांनी नुसतं आपल्या बाटलीचं, नऊ लेकरांचं आणि गोदावरीबाईच्या शिव्यांचं सांगितलं. पोरी खूप हसल्या, मग वह्यांत लिहून घ्यायला लागल्या.

जेवणाच्या सुट्टीत एक नवी पोरगी आमच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. डबा हातात, पण उघडलेला नाही. "सिस्टर, मागच्या मंगळवारी माझ्याकडून पण…" एवढंच बोलली.

सिस्टरनी शेजारची खुर्ची पुढं केली. "बस. किती लेकरं?"

"चार."

"नावं मालूम हायेत?"

तिनं होकारार्थी मान डोलावली.

"मंग पह्यले जेव," सिस्टर म्हणाल्या. "मॅडमले आताच सांगू. अना गावात जाशील तवा एकटी नको जाऊ, मी येतो तुया संगं."