आमच्या घरी बनलेला कर्नल

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि चालता लॅपटॉप बंद पाडणाराही पहिला मीच. दोन्ही प्रसंगांना अण्णा जातीने हजर होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. हिंगोलीकडे जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी वाहून त्यांनी मला इंजिनियर केलं. तेव्हापासून गावात कुणाची मोटार पाणी ओढेना, कुणाची म्हैस चारा खाईना, की मला फोन येतो. मी कॉम्प्युटर शिकलो, हे कुणी मनावर घेत नाही. आणि 'मला ठाऊक नाही' हे वाक्य मी आजवर उच्चारलेलं नाही. (म्हैस आपोआप बरी झाली.)

माझ्या नोकरीपायी आम्ही जयपूरला, खातीपुऱ्यात आलो आणि त्यापायी माझ्या बायकोची, सविताची, नांदेडची अकाउंट्सची नोकरी सुटली. खूप दिवसांनी इथल्या एका शाळेचं मुलाखतीचं बोलावणं आलं. सोमवारी सकाळी, व्हिडिओवर, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत हिशेबाचा तक्ता करून दाखवायचा. मोबाइलवर भागणारं काम नव्हतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर घरचं काही करायला बंदी. उरला घरचा म्हातारा लॅपटॉप.

"हळू चालतो, पण चालतो," सविता म्हणाली. "तुम्ही हात लावू नका."

"अगं सूनबाई, इंजिनेर हाय त्यो," मुक्कामाला आलेले अण्णा म्हणाले. मग हात लावणं भागच होतं.

त्या लॅपटॉपवर लिनक्स नावाची फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. कीबोर्ड, पडदा, कॅमेरा अशा प्रत्येक वस्तूशी बोलायला त्यात एकेक ड्रायव्हर असतो, म्हणजे दुभाष्याच. जगभरच्या यंत्रांसाठी जगभरच्या माणसांनी लिहिलेले हजारो दुभाषे. नको ते वगळून गाभा पुन्हा बांधला, की लॅपटॉप हलका होऊन पळतो. असं मी वाचलं होतं, केलं कधीच नव्हतं.

रविवारी दुभाष्यांची यादी उघडली; प्रत्येकापुढे प्रश्न, हवा की नको. अण्णा चष्मा लावून शेजारी बसले.

"हे काय हाय?"

"हे फ्लॉपीचं. आता फ्लॉपी कुठं मिळत नाही."

"मिळत नाही तरी ठेवलंय?"

"कुणाकडे तरी जुनं यंत्र असेल म्हणून."

"आन् हे?"

"अंध माणसाला पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवतं."

अण्णांनी चष्मा काढला. "कुणी लिहिलं?"

"लोकांनीच. काहींना कंपन्या पगार देतात, काही नुसतेच लिहितात."

"न पाहिलेल्या माणसासाठी?" अण्णा बराच वेळ त्या एका ओळीकडे बघत राहिले. खरं सांगतो, मीही. एवढ्या मोठ्या कामात प्रत्येक प्रश्नाखाली कुणीतरी नम्रपणे लिहून ठेवलं होतं, की खात्री नसेल तर अमुक उत्तर द्या. जगातली एवढी हुशार माणसं 'खात्री नसेल तर' असं सरळ गृहीत धरून चालली होती. आमच्या घरात ती सोय नव्हती.

कारण अण्णांचं "आन् हे?" थांबेना आणि पुढचं मला येईना. तेव्हा जे ओळखीचं नव्हतं त्यावर मी भारदस्त आवाजात "हे आपल्याला लागत नाही" म्हणायचो आणि 'नाही' दाबायचो. अण्णा मान डोलवायचे. "लय जंजाळ होतं. बरं झालं काढलंस."

मग बांधणी सुरू झाली. पंखा गरगरू लागला. "जिनिंग चालू झाल्यावानी वाटतंय," अण्णा हरखून म्हणाले. लॅपटॉप तापला तसा मी कूलर त्याच्याकडे वळवला. जयपूरच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं घामात आणि लॅपटॉप गारव्यात!

संध्याकाळी तो सुरू झाला, खरंच झटकन. अण्णांनी माझी पाठ थोपटली. सविताने तालीम म्हणून व्हिडिओ लावला.

"अहो, कॅमेरा कुठाय?"

कॅमेऱ्याचा दुभाष्या रेडिओ-टीव्हीच्या कप्प्यात राहत होता. तो अख्खा कप्पा मी दुपारीच 'लॅपटॉपवर कोण टीव्ही बघतं' म्हणून उडवला होता.

सोमवारी पहाटे उठून पुन्हा यादी उघडली. या वेळी शहाणा झालो होतो. 'होय' आणि 'नाही' यांच्या मधे तिसरं उत्तर असतं: बाजूला डिस्कवर ठेव, लागेल तेव्हा आणू. म्हटलं, वाद नको, सगळ्यांनाच बाजूला ठेवू. सगळ्यांत डिस्कशी बोलणारा दुभाष्याही आला. म्हणजे कपाटाची किल्ली मी कपाटात ठेवून कपाट लावून घेतलं.

काळा पडदा. त्यावर चार पांढऱ्या ओळी, सगळ्या तक्रारीच्या.

सविता इस्त्रीची साडी नेसून, केस विंचरून समोर उभी. ओरडली नाही. "एक वर्ष थांबले होते मी," एवढंच म्हणाली.

मी तोंड उघडलं. "मला... ठाऊक नाही काय करायचं."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डिग्री परत केली. सविताने मोबाइलवर शोधून पाहिलं, मला हलकेच बाजूला केलं, लॅपटॉप बंद करून परत चालू केला आणि सुरुवातीलाच एक बटण दाबून धरलं. कोणता गाभा चालवू, असं विचारणाऱ्या दोन ओळी पडद्यावर आल्या.

"हे वरचं कुणाचं?" अण्णांनी विचारलं.

"माझं."

"आन् खालचं?"

खालचा होता मी हात लावण्याआधीचा जुना गाभा. नवा बसवताना त्या लोकांनी जुना न विचारताच जपून ठेवला होता. मला कधी न भेटलेल्या माणसांनी मला पुरतं ओळखलं होतं.

"लोकांचं," मी म्हणालो.

"सूनबाई, खालचं दाब."

लॅपटॉप हळू चालला, पण चालला. कॅमेऱ्यात सविता दिसली, तक्ता जुळला, आणि जुलैपासून ती शाळेत जाते.

माझा कर्नल अजून त्या दोन ओळींत वरच आहे; सविता रोज खालचं दाबते. परवा अण्णांना फोनवर म्हटलं, "काढून टाकतो आता तो, लागत नाही."

"राहू दे की," अण्णा म्हणाले. "लोकांनी इतकी बंद पडलेली यंत्रं सांभाळली, त्यात तुझं एक."